पलंगाची उंची

सासू लेकीकडे राहायला गेली तर सुनेच्या पदरात काय काय पडणार होतं, याचा हिशेब घरातल्या प्रत्येकाने मनातल्या मनात केला होता आणि प्रत्येकाचा बरोबर होता. बाहेरची खोली मिळणार होती. त्या खोलीतलं कापड बेतायचं मोठं टेबल मिळणार होतं, ज्यावर सध्या औषधांचे डबे, डायपरचे गठ्ठे आणि शेकायची पिशवी नांदत होती. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम चालून आलं होतं, ते घेता आलं असतं. स्वयंपाकघरात जमिनीवर कापड पसरून, एक कान कुकरकडे ठेवून गणवेश बेतता येत नाहीत. सकाळचा चहा गरम असताना पिता आला असता. आणि यातलं काहीही तिला मागावं लागणार नव्हतं. मागणारी दुसरीच होती. सुनेने फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याचा तिला या घरात चांगला सराव झालेला होता.

मागणारी म्हणजे नणंद. ती रविवारी सकाळी गाडी घेऊन आली तेव्हा मागच्या सीटवर उशा लावलेल्या होत्या. विचारायला येणारा माणूस उशा लावून येत नाही. तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे सुनेच्या नवऱ्याला, बाळ्याला, त्या दिसल्या. बाळ्या चष्म्याच्या दुकानात नोकरी करत असे. जवळचं आणि लांबचं त्याला सारखंच स्पष्ट दिसे, पण दिसलेलं बोलून दाखवण्याचा त्याला कंटाळा होता. "ये ताई," एवढं म्हणून त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली.

भांडण पलंगाचं होतं.

आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि वरची झोपायची खोली तिला कायमची बंद झाली. जिन्यावर वरखाली सरकणारी खुर्ची बसवू, असा बाळ्याचा बेत होता. पण जिन्याला मधोमध असं वळण होतं की माप घ्यायला आलेला माणूस ते बघूनच टेप खिशात घालून परत गेला. मग बाहेरच्या खोलीत, जिथे पूर्वी मास्तरांचं, म्हणजे वडिलांचं, शिवणकामाचं दुकान होतं, तिथे दवाखान्यातल्यासारखा पलंग भाड्याने आणला. दोन्ही बाजूंना कठडे, आणि एका वायरीला लोंबणारा रिमोट. बटण दाबलं की पलंग घुं घुं करत वर येई किंवा खाली जाई. आईला अंघोळ घालायला, कुशीवर वळवायला सकाळी एक मावशी येत. त्यांच्या कमरेला त्रास नको म्हणून पलंग उंच ठेवायचा, असं ठरलं होतं.

आणि पलंग उंच राहत नव्हता. रात्री वर ठेवलेला पलंग सकाळी पार खाली बसलेला सापडे. रोज नाही, चार दिवस ठीक असे, पाचव्या दिवशी पुन्हा खाली. एकदा मावशींनी न बघता आईला उचलायला हात घातला, कमरेत उसण भरली, आणि त्या भिंतीला धरून घरी गेल्या. जाताना सांगून गेल्या की पलंग तरी नीट करा, नाहीतर दुसरी बाई तरी बघा.

बाळ्याने विजेच्या दाबाला दोष दिला. मास्तरांनी कोणालाच दिला नाही. ताईने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि तिचा संशय सरळ वहिनीवर गेला. भरवायला बसताना पलंग खाली घेत असेल आणि वर करायचा कंटाळा करत असेल. तसं ती बोलली नाही. "मी रविवारी येते, पलंगवाल्यालाही बोलावून ठेव," एवढंच म्हणाली.

पलंगवाला आला, खाली आडवा झाला, मोटार उघडली, पलंग वर नेला, खाली आणला, त्यावर स्वतः बसून पुन्हा वर नेला. आई तेवढ्या वेळ चाकांच्या खुर्चीत बसून आपल्या बिछान्यावर परका माणूस झोके घेताना बघत होती.

"मशीन ओके आहे," तो हात पुसत म्हणाला. "हा आपण होऊन खाली जाणारा पलंग नाही. बटण कोणीतरी दाबतंय."

कोणीतरी, हा शब्द खोलीत ठेवून तो निघून गेला. ताईने वहिनीकडे पाहिलं. सून चहाचे कप गोळा करत होती. तिने ते थोडे जास्तच हळू गोळा केले.

*

ताईला आपण काय मागतोय ते पक्कं ठाऊक होतं, आणि ते का मागतोय हेही. तिचं घर तळमजल्यावर होतं. न्हाणीघरात दोन भिंतींना स्टीलचे दांडे, बसून अंघोळ करायचा स्टूल, संडासाला उंच सीट, उंबरठा काढून केलेला उतार, सगळं जागच्या जागी होतं. हे सगळं तिच्या सासूसाठी केलेलं. सासू गेली आणि सामान तसंच राहिलं. सासूबाईंना वळवताना, न्हाऊ घालताना, पाठीला पावडर लावताना एकही दिवस असा गेला नव्हता की तिच्या मनात आलं नव्हतं, माझी आई या वेळी काय करत असेल. परक्या पाठीचा तीळ न तीळ तिला पाठ झाला होता. आपल्या आईच्या पाठीवर तीळ आहे की नाही, हे तिला माहीत नव्हतं.

हे तिने सांगितलं असतं तर त्या खोलीत तिला कोणी नाही म्हटलं नसतं. पण ती अधिकारी बाई होती. तिने मुद्दे मांडले. इथे मावशी टिकणार नाहीत. इथलं न्हाणीघर अरुंद आहे, खुर्ची आत वळत नाही. तिच्याकडे सगळं तयार आहे, नुसतं माणूस यायचं बाकी आहे.

"आणि मास्तर?" बाळ्याने विचारलं. वडिलांना घरात आणि गल्लीत सगळेच मास्तर म्हणत.

"मास्तर येतील की अधूनमधून. माझ्याकडे खोली एकच रिकामी आहे, तिच्यात एक पलंग मावतो. तू रविवारी त्यांना घेऊन येत जा."

बाळ्याला हे पटलं. तसं त्याला काल शेजाऱ्यांचंही पटलं होतं, की आईला या वयात हलवू नये. जो शेवटी बोले त्याचं त्याला पटे, आणि ताई आली की या घरात शेवटी बोलायची संधी तिचीच असे.

"वहिनी, तुझं काय म्हणणं?"

"माझं कसलं म्हणणं, ताई. तुमची आई आहे."

हे उत्तर इतकं चोख होतं की त्यात ताईला बोट घालायला जागा मिळाली नाही. तिने वडिलांकडे मोर्चा वळवला.

मास्तर दिवाणावर बसले होते. त्यांचा दिवाण म्हणजे एक बुटकी पेटी, पाय नसलेली, जमिनीला टेकलेली. पलंगाला लागून ठेवलेली. आई खाली आली तेव्हा सुरुवातीला ते वरच झोपत. मग एके दिवशी गुडघ्यांना जिना झेपत नाही म्हणून तेही खाली आले. गुडघ्यांचं खरं होतं. दिवाणावरून उठताना ते गुडघे असे बोलत की स्वयंपाकघरात ऐकू जाई. फक्त त्यांनी सांगितलेलं कारण खरं असलं तरी एकटं नव्हतं.

"मास्तर, तुम्ही बोला ना. तुम्हाला काय वाटतं?"

मास्तरांना काय वाटत होतं ते सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हता, आणि असता तरी लेक, मुलगा आणि सून समोर बसलेली असताना तो उच्चारण्यापेक्षा त्यांनी दुकान पुन्हा उघडणं पत्करलं असतं. लग्न झाल्यापासून ते झोपताना बायकोचं मनगट धरत आले होते. अंगठा आणि मधलं बोट मिळवून, बांगडीसारखं. नवीन नवीन लग्न झालं तेव्हा अंधारात काय बोलावं ते सुचेना म्हणून पहिल्यांदा धरलं, आणि ती काही म्हणाली नाही म्हणून दुसऱ्या दिवशीही धरलं. पुढे मुलं झाली, भांडणं झाली, दुकान चाललं, बसलं, मनगट राहिलं. इतकी मापं घेतली आयुष्यात, सगळी विसरले. हे एक माप बोटांना माहीत होतं. अलीकडे ते सैल होत चाललं होतं.

"तुम्ही ठरवाल ते," मास्तर म्हणाले.

पलंगावरून आईने त्यांच्याकडे पाहिलं. तिला शब्द सापडायला वेळ लागत असे, आणि सापडेपर्यंत इतरांचं बोलणं पुढे गेलेलं असे. या वेळी ती शोधतच नव्हती. ती नुसती पाहत होती. पन्नाशीच्या लेकीला कळणार नाही आणि सत्तरीच्या नवऱ्याला चुकवता येणार नाही, असं.

ठरलं. दुपारी आईची झोप झाली की चहा, आणि मग निघायचं.

*

जेवणं झाली. ताई आईचे कपडे बॅगेत भरायला वर गेली आणि भरता भरता आईच्याच डबलबेडवर लवंडली. बाळ्या गॅलरीत पेपर तोंडावर घेऊन पडला. सून स्वयंपाकघरात जमिनीवर एक ब्लाउज बेतायला बसली आणि तिच्या लक्षात आलं की मोठी कात्री बाहेरच्या टेबलावर राहिलीय.

ती अनवाणीच गेली. दाराशी पोचली तेव्हा खोलीत घुं घुं सुरू होतं.

पलंग खाली येत होता. आईचा डावा हात, जो घरातल्या सगळ्यांच्या मते चमचा धरण्यापलीकडे कामाचा नव्हता, कठड्यावरच्या रिमोटवर होता. टीव्हीचा रिमोट या बाईला कधी जमला नव्हता. मालिका बदलायची तर सुनेला हाक मारायची. आणि हा रिमोट ती न बघता, उजळणी झाल्यासारखा चालवत होती. पलंग दिवाणाच्या पातळीला आला, थोडा आणखी खाली गेला, मग तिने अंगठा उचलून पुन्हा किंचित वर घेतला. टाका बसतोय का ते बघावं तसं. मग रिमोट सोडला आणि हात कठड्याच्या दोन दांड्यांमधून बाहेर काढला.

दिवाणावरून मास्तरांचा हात आला. डोळे मिटलेलेच होते. अंगठा आणि मधलं बोट मनगटाभोवती मिळालं.

"गेल्यावर," आई हळूच म्हणाली. पुढचा शब्द यायला बराच वेळ लागला. "तिथे कोण?"

मास्तरांनी मनगट आणखी घट्ट धरलं. थोड्या वेळाने म्हणाले, "झोप."

सून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. न वाकणारे गुडघे, उंच ठेवलेला पलंग, मधला कठडा. पलंग आणि कठडा जगभरच्या काळजीने आणले होते आणि ते नेमके या दोन हातांच्या मध्ये बसवले होते. झोप लागली की पलंग वर करायचं राहून जाई. म्हणून रोज नाही, पाचव्या दिवशी. कोणीतरी बटण दाबतंय. मावशींची कंबर, पलंगवाल्याची खेप, ताईची गाडी, त्या गाडीतल्या उशा, आणि खाली हे एवढंसं.

आता हिशेब नव्याने मांडावा लागणार होता, आणि तो मांडायला तिला कात्री उचलायचाही वेळ लागला नाही. ती गप्प राहिली तर संध्याकाळपर्यंत खोली तिची. गणवेश तिचे. तिने कोणाचं काही वाईट केलं असं कोणी म्हणू शकत नव्हतं. स्वतः ते दोघंही नाही, कारण तिने पाहिलंय हे त्यांना माहीतच नव्हतं. बोलली, तर दोन म्हातारी माणसं लेकीसमोर आणि मुलासमोर उघडी पडणार. मास्तर पुन्हा त्या दिवाणावर झोपायलाही लाजतील. म्हणजे खरं बोलून कोणाचंच भलं नव्हतं.

ती टेबलाजवळ गेली. या टेबलावर मास्तरांनी तिला कापड बेतायला शिकवलं होतं. नवी सून, स्वयंपाकात कच्ची, सगळ्यांनी नाकं मुरडलेली; मास्तरांनी तिच्या हातात खडू दिला आणि म्हणाले होते, इथे ये, इथे तुला कोणी बोलणार नाही. त्यांचे डोळे थकले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, माझ्यामागे हे टेबल हिचं. या घरात तिच्या नावावर झालेली तेवढी एकच वस्तू. तिने टेबलाच्या पायाशी उभं राहून आपल्या कमरेशी त्याची उंची धरली. मग पलंग वर असतो तेव्हा कुठवर येतो ते आठवलं, आणि बोटाने टेबलाच्या पायावर एक खूण केली.

वीतभर जास्त होतं.

*

चहाच्या वेळी पलंग पुन्हा वर होता. ताईने आईच्या पायांत मोजे चढवायला घेतले.

"ताई, एक सांगायचं होतं," सून म्हणाली. "पलंग मी खाली करते."

ताईचा हात मोज्यावरच थांबला. बाळ्याने चहाचा कप खाली ठेवला. दिवाणावर मास्तर सावकाश ताठ झाले.

"मी दिवाणावर बसून आईंना भरवते. दिवाण बुटका, पलंग उंच. हात पोचत नाही. म्हणून खाली घेते. मग वर करायचं राहून जातं."

"आणि मघाशी तो माणूस मोटार उघडून बसला होता तेव्हा तू कप गोळा करत होतीस."

"हो."

"मावशींची कंबर गेली तेव्हाही गप्प."

"हो. चुकलं."

ताई मग बोलली. मला माहीतच होतं, इथून सुरुवात करून ती बरीच बोलली, आणि बरंच मागचं बोलली. जिन्याच्या वेळचं काढलं, आईच्या पहिल्या दवाखान्याचं काढलं. सुनेने ते सगळं पावसात उभं राहिल्यासारखं अंगावरून जाऊ दिलं. बाळ्या बायकोकडे बघत होता. त्याला एक बारीकशी गोष्ट खटकत होती. ही कधी दिवाणावर बसून भरवत नाही. उभी राहून भरवते. पण दिसलेलं बोलायचा त्याला कंटाळा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या कंटाळ्याचा कोणाला तरी उपयोग झाला.

"मग आता काय म्हणणं आहे तुझं?" ताईने विचारलं.

"दोष पलंगात नाही, दिवाणात आहे. दिवाण काढून टाकू."

"त्याच्याखाली ठोकळे घालू ना," बाळ्या म्हणाला.

"पेटी आहे ती. पाय नाहीत तिला, ठोकळ्यांवर डुगडुगेल." तिने मान न वळवता हात भिंतीकडे केला. "ते टेबल घेऊ. पाय वीतभर कापले की पलंगाच्या बरोबरीला येतं. पलंगाला चिकटवून ठेवलं की त्या बाजूचा कठडाही काढता येईल, माणूस पडणार कुठे? मास्तर त्याच्यावर गादी टाकून झोपतील. उंचावरून उठायला गुडघ्यांनाही बरं. मी त्याच्या कडेवर बसून भरवीन. पलंग हलवायचं कामच उरणार नाही. मावशी पलीकडच्या बाजूने करतील सगळं."

मास्तरांनी टेबलाकडे पाहिलं.

"ते टेबल तुझं आहे," मास्तर म्हणाले.

"मग मी सांगते ना कापायला."

"पाय कापल्यावर बेतायच्या कामाचं राहत नाही ते. वाकून वाकून तुझी—"

"मास्तर," सून म्हणाली, "माप मी घेतलंय."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. तिची नजर आईच्या मनगटावर होती, आणि मास्तरांना ती दिसली. ते कानापर्यंत लाल झाले. म्हाताऱ्या माणसाला लाजताना पाहू नये म्हणून सुनेने कप उचलायला घेतले.

ताई ऐकणार नव्हती. एवढ्या उंचावर मास्तर चढणार कसे, पडले तर, हे असले जुगाड नकोत, गाडी दारात उभी आहे. ती मोजा ओढतच होती, तेव्हा आईचा डावा हात येऊन तिच्या हातावर बसला.

"तिला," आई म्हणाली. ताई थांबली. सगळेच थांबले; आज बऱ्याच दिवसांनी त्या घरात कोणीतरी आईचा पुढचा शब्द यायची वाट पाहिली. "बोलू नकोस." मग आणखी वेळ गेला. "तू ये. तू... न्हाऊ घाल."

ताईने तोंड फिरवलं. अधिकारी बाईचा चेहरा तिला सापडायला वेळ लागला, आणि सापडला तोही नीट बसला नाही. "रविवारी येते," ती म्हणाली. "आणि माझ्याकडे त्या दांड्याच्या दोन पायऱ्या आहेत, सासूबाईंच्या. धरून चढायच्या. त्या आणते. भिंतीला लावायचे दांडेही काढून आणते, न्हाणीघरात एक, टेबलाजवळ एक. नुसतं टेबल ठेवून भागत नाही. एवढं तरी कळायला हवं होतं तुम्हाला."

शेवटचं वाक्य वहिनीला होतं. वहिनीने मान डोलावली. एवढं तर तिने ताईला द्यायलाच हवं होतं.

*

सुताराने पाय कापले तेव्हा मास्तरांनी खडूची खूण स्वतः केली आणि करवत चालू झाल्यावर उठून आत गेले. कापलेले चार तुकडे सुनेने उचलून माळ्यावर ठेवले. कशाला ठेवले, ते तिला सांगता आलं नसतं. ताईने रविवारी पायऱ्या आणल्या, दांडे आणले, आणि दार लावून आईला न्हाऊ घातलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "साबण गेला," म्हणाली. मग बॅग उचलताना कोणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाली, "डाव्या खांद्याखाली तीळ आहे आईला."

पलंग परत कधी खाली बसला नाही. मावशींनी त्याचं श्रेय पलंगवाल्याला दिलं, आणि ताई अजूनही भेटेल त्याला वहिनीच्या आळसाची गोष्ट सांगते.

गणवेशांचं काम दुसरीकडे गेलं. सून स्वयंपाकघरात जमिनीवर बेतते. दुपारी कधीतरी कात्री थांबवून ती कान देते. घुं घुं येत नाही. दार अर्धं लोटलेलं असतं आणि आत दोन माणसं एका उंचीवर झोपलेली असतात.

एका सुट्टीच्या दुपारी ती वर गेली. सासू-सासऱ्यांचा डबलबेड आता त्यांच्याकडे आला होता आणि बाळ्या त्याच्या मधोमध पालथा पसरला होता, मालकासारखा. ती कडेला बसली. थोड्या वेळाने तिने त्याचं मनगट धरून पाहिलं. अंगठा आणि मधलं बोट मिळालं नाही, बरंच अंतर राहिलं.

"माप घेतेस?" तो डोळे न उघडता म्हणाला.

"हो."

"कशाचं?"

तिने हात सोडला नाही. बाळ्या थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग कुरकुरत एका अंगाला सरकला आणि तिच्यापुरती जागा केली.

टेबलाने वीतभर पाय दिले, ताईने गाडीतल्या उशा परत नेल्या. बाळ्याकडून वसूल झाली ती ही हातभर जागा, आणि मनगट त्याने ओढून घेतलं नाही, तेवढं. बाकी सगळं सुनेने भरलं होतं.